मालवण, सीझन सोडून!

डिसेंबरचं मालवण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जुलैमधलं पाहिलंय?

ऑफिसच्या कँटीनमध्ये मालवणचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘डिसेंबरला जायचं की मे महिन्यात?’ जणू उरलेले दहा महिने हे गाव दाराला कुलूप लावून कुठेतरी निघून जातं! मग लाँग वीकेण्ड गाठायचा, सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, तारकर्ली, सुरमई थाळी, फोटो... आणि सोमवारी डेस्कवर ‘मालवण झालं’ म्हणून सांगायचं.

मालवण असं ‘होत’ नाही. गेल्या वर्षभरात मी तिथे पाच वेळा गेले आणि दर वेळी तेच घर, तीच खोली घेतली. पण गाव मात्र दर वेळी वेगळं भेटलं. ताटातला मासा वेगळा, समुद्राचा रंग वेगळा, आणि माणसांकडे आपल्यासाठी असलेला वेळही वेगळा.

सुरुवात मे महिन्यापासूनच करू, कारण सर्वांत जास्त गर्दी तेव्हा. उकाडा मरणाचा, भरडावर गाड्यांची रांग, जेवायला नंबर. तरीही मे महिन्यात एक गंमत आहे, फक्त ती बीचवर नाही. ती घरांच्या अंगणात आहे. कोकमं फोडून सालं उन्हात पसरलेली असतात. त्यांना रस लावायचा, पुन्हा वाळवायचं, असं आमसूल तयार होतं. शेजारी आंब्याची साठं, फणसाच्या आठळ्या, सुके बांगडे. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी चाललेली असते. आपण मजेत सुट्टीवर आणि घरातली बाई एकीकडे दहा पाहुण्यांचा स्वयंपाक करतेय, दुसरीकडे आभाळाकडे बघत वाळवणं उचलतेय.

मे महिन्याचा शेवट मात्र जपून. साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याची होडी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. त्याच्या आधीचे काही दिवस म्हणजे ‘आता नाही तर कधीच नाही’ असा माहोल. २४ मे २०२२ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे बोटवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, जास्त पैशांची लालूच तर मुळीच दाखवू नका. लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालायची वस्तू नाही, हेही जाता जाता.

पाऊस आणि ईएमआय

आणि मग जून. टुरिस्ट गायब! १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. किल्ला समोर दिसतो पण जाता येत नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो का बांधायला घेतला, हे मला गाइडच्या भाषणापेक्षा जुलैत जास्त कळलं. तटावर आदळून उडणाऱ्या लाटा धक्क्यावर उभं राहून नुसत्या बघायच्या. त्या पाण्यातून बोट घालायची कुणाची टाप?

घरी पोचले तर काकींनी दारातच विचारलं, ‘पावसात कित्याक इलंस गो? भिजूक?’

भिजायलाच! शिवाय जेवायला. ‘पावसाळ्यात मासे नाहीत, मग खायचं काय?’ असं विचारणाऱ्यांनी कुळथाची पिठी, गरम भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा हे कॉम्बिनेशन चाखलेलं नसतं. सोबत टाकळ्याची भाजी, नशिबात असेल तर अळंबी. पहिल्या पावसात व्हाळातून शेतात चढणारे मासे मिळाले तर त्या दिवशी घरात सणच. हॉटेलच्या मेनूकार्डावर यातलं फारसं काही सापडणार नाही. हे घरचं जेवण आणि पाहुणे कमी असतात तेव्हाच ते पानात येतं.

या दिवसांत रूमचे भाव खाली येतात. पण इथे जरा थांबून समोरच्याचा हिशेब बघा. १९९७ साली सिंधुदुर्ग ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला, १९९८मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पुढच्या वर्षांत मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात घरोघरी दोन-चार खोल्या वाढल्या. बऱ्याच खोल्या कर्ज काढून बांधलेल्या. बँकेचा हप्ता जुलैमध्येही तेवढाच असतो. डिसेंबर-मेच्या कमाईवर अख्खं वर्ष काढायचं, आणि त्यात एखादं ‘तौक्ते’ यायचं. मे २०२१मध्ये ते आलं तेव्हा कोविडमुळे आधीच सीझन बुडालेला होता आणि वर छपरं उडाली. पावसात गेलेला एक पाहुणा म्हणजे काय, हे काकींच्या ‘भिजूक?’मधल्या हसण्यावरून मला कळलं. तेव्हा भाव आधीच उतरलेला असताना आणखी घासाघीस कशाला, हे माझं प्रामाणिक मत.

एक सूचना. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. पाऊलभरसुद्धा नाही.

नारळ पडला की...

गावाचं खरं न्यू इयर ३१ डिसेंबरला नसतं, ते नारळी पौर्णिमेला असतं. बंदरावर ही गर्दी! मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो आणि मग सुरू होतं नारळ लढवणं. दोघांनी हातात नारळ धरून एकमेकांवर आपटायचे, ज्याचा फुटेल त्याचा नारळ जिंकणाऱ्याचा. आता बायकांच्याही स्पर्धा रंगतात, आणि त्यांचा जोर पाहून शेजारचे पुरुष गप्प होतात. यानंतर होड्या पुन्हा पाण्यात. संध्याकाळच्या मासळी लिलावात आवाज परत येतो.

गणपतीत मात्र जाऊ नका, म्हणजे कुणाच्या घरचं बोलावणं असल्याशिवाय. तुम्ही एरवी भाड्याने घेता त्या खोलीत तेव्हा मुंबईहून आलेले भाऊ, वहिन्या आणि त्यांची पोरं पसरलेली असतात. रेल्वेचं तिकीट तर विसराच.

माझा फेवरिट काळ दिवाळीचा. पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते आणि गाव आपल्याच देवाला गावभर फिरवतं. पाहुणे तेव्हा दुय्यम, आणि मला ते फार आवडलं. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर नुसता मोबाइल काढू नका, दोरीला हात लावा. हात लावणाऱ्याच्या वाट्याला चार बांगडे येतात, ही जुनी रीत. तळव्यांना फोड येतात, पण आपल्या कीबोर्डवाल्या हातांना तेवढं चालतं!

डिसेंबरबद्दल काय सांगायचं? तो तुम्हाला माहीतच आहे. पाणी नितळ, म्हणून स्कूबाला हाच काळ चांगला. ज्या पाण्यात उतरता तो भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका. नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळा. जानेवारीत तेच पाणी असतं, माणसं निम्मी.

त्याच दिवसांत आसपासच्या गावांत जत्रा सुरू असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सुरुवात होते. देवळासमोर रात्रभर दशावतार, भल्या पहाटे दहिकाला. गॅसबत्तीच्या जागी हॅलोजन आले, पण पखवाज आणि झांज तीच. हातात आल्याचं खाजं घ्यायचं, चादर पांघरायची आणि बसायचं. भाषा अर्धी कळली तरी राजाची ऐट पुरी कळते.

सर्वांत मोठी जत्रा आंगणेवाडीच्या भराडी देवीची. मालवणपासून पंधराएक किलोमीटर, गर्दी लाखोंची. ही बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास येते, पण तारीख कॅलेंडरमध्ये शोधून सापडत नाही. ती तिथीवर नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. मग रजेचा अर्ज कसा टाकायचा? सोपं आहे. ऑफिसातल्या मालवणी माणसावर लक्ष ठेवा. तो अचानक एचआरच्या केबिनकडे निघाला की तुम्हीही मागोमाग निघा.