ओलीस आणि प्रेक्षक

‘ओलीस’ हा शब्द मराठी भाषेला नवा नाही. दोन पक्षांत तह ठरला, परंतु एकाचा दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा बसला नाही, म्हणजे कलमांची पूर्तता होईपर्यंत एखादा प्रतिष्ठित मनुष्य जामीन म्हणून प्रतिपक्षाच्या छावणीत ठेवावयाचा, हा त्याचा मूळ अर्थ. १६६५ साली पुरंदरच्या तहानंतर बालवयीन संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत राहिले, ते ह्याच रीतीने. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या तहान्वये टिपू सुलतानाने आपले दोन मुलगे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या हवाली केले. तत्पूर्वी १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेस कोंडीत पकडून तह करावयास लावला, तेव्हा फार्मर आणि स्टुअर्ट ह्या दोघां इंग्रजांस महादजी शिंद्यांकडे ओलीस म्हणून ठेवण्यात आले. मुंबईकर इंग्रजांनी पुढे तो तह मानला नाही. तह मोडला म्हणून ओलिसांचा प्राण घेण्यास कोणी हरकत घेती, असा तो काळ नव्हता. तरीही महादजींनी त्या दोघांस कालांतराने जिवंत सोडून दिले.

जुन्या ओलिसाची ही लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. तो बहुधा उभय पक्षांच्या संमतीने दिलेला असे. तो राजघराण्यातील किंवा अधिकारपदावरील असे. आणि त्याला सन्मानाने वागविणे ही ठेवून घेणाऱ्याच्या अब्रूची गोष्ट समजली जाई. आज वर्तमानपत्रांत ‘ओलीस’ हा शब्द येतो तेव्हा ह्यांतील एकही लक्षण उरलेले नसते. आजचा ओलीस कोणी दिलेला नसतो, तो बळाने धरून नेलेला असतो. तो राजपुत्र नसतो. शिक्षक, परिचारिका, बातमीदार, बांधकामावरचा मजूर किंवा पाळण्यातले मूलही असू शकते. ज्या भांडणासाठी त्याला धरले त्या भांडणाशी त्याचा काडीइतकाही संबंध नसतो.

हे स्थित्यंतर एकाएकी घडले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने जिंकलेल्या मुलखांत, विशेषतः बाल्कन प्रदेशात, आपला एक शिपाई मारला गेला की अनेक नागरिकांस धरून ठार करण्याचा परिपाठ ठेवला होता. ह्याबद्दल न्यूरेंबर्ग येथे जर्मन सेनापतींवर जो खटला चालला, तो ‘ओलीस खटला’ ह्याच नावाने ओळखला जातो. १९४८ च्या फेब्रुवारीत त्याचा निकाल लागला आणि बहुतेक आरोपींस शिक्षा झाल्या. परंतु त्याच निकालपत्रात न्यायाधीशांना असेही म्हणावे लागले की, तोवरच्या युद्धनियमांप्रमाणे अगदी शेवटचा उपाय म्हणून आणि कडक अटी पाळून ओलिसांस मारणे सर्वस्वी बेकायदेशीर ठरविता येत नाही. कायद्यातील ही फट पुढच्याच वर्षी बुजविण्यात आली. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराचे चौतिसावे कलम एका ओळीचे आहे: ओलीस धरण्यास मनाई आहे. चारही करारांत समान असलेल्या तिसऱ्या कलमाने हीच मनाई देशांतर्गत सशस्त्र झगड्यांनाही लागू केली. भारताने ह्या करारांसाठी १९६० साली स्वतंत्र कायदा केला. ह्या मनाईला अपवाद नाही. प्रतिपक्षाने आधी अत्याचार केला, आपली बाजू न्यायाची आहे, आपण दुबळे आहो, ह्यांपैकी कोणतीही सबब तिच्यापुढे चालत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, मनाई इतकी निःसंदिग्ध असता हा प्रकार वाढतो का? उत्तर ओलीस धरण्याच्या व्याख्येतच आहे. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांनी ह्या विषयावर जो आंतरराष्ट्रीय करार संमत केला, त्यात ओलीस धरणे म्हणजे एखाद्यास पकडून, मारण्याची वा डांबून ठेवण्याची धमकी देऊन, तिसऱ्याच कोणाला काही करावयास किंवा न करावयास भाग पाडणे, असे म्हटले आहे. हा ‘तिसरा’ ह्या सर्व व्यवहाराचा कणा होय. पकडणारा आणि पकडला गेलेला एवढे दोघेच असतील तर तो केवळ बंदिवास. तिसरा कोणी पाहत असेल, घाबरत असेल, चिडत असेल, तरच ओलिसाला किंमत येते. वडगावच्या ओलिसांची वार्ता मुंबईस कागदाने गेली. आज ती चित्रफितीने जाते, आणि ती केवळ सरकारकडे न जाता प्रत्येक घरातील फोनवर उतरते. तिसऱ्याच्या जागी आता कोट्यवधी प्रेक्षक येऊन बसले आहेत.

हे तंत्र ‘इस्लामिक स्टेट’ म्हणविणाऱ्या संघटनेने पद्धतशीरपणे वापरले. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तिने जेम्स फोली ह्या अमेरिकन बातमीदाराच्या हत्येची चित्रफीत प्रसृत केली. ती योजनापूर्वक तयार केलेली होती. भाषण, पोशाख, पार्श्वभूमी, सारे काही पाहणाऱ्याच्या मनावर ठसावे अशा बेताने मांडलेले होते. त्याच वेळी जगातील अनेक सामान्य माणसांनी ती न पाहण्याचा आणि पुढे न पाठविण्याचा निश्चय केला, आणि मृताची आठवण म्हणून त्याची जिवंतपणीची छायाचित्रे पाठविली.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण भारतीयांचे आहे. त्याच वर्षीच्या जून महिन्यात इराकमधील मोसुल येथे बांधकामावर असलेल्या चाळीस भारतीय मजुरांस ह्याच संघटनेने धरून नेले. एकटा निसटला. उरलेले एकोणचाळीस पंजाब, हिमाचल प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल येथील गरीब घरांतले होते. त्यांची चित्रफीत निघाली नाही, कारण त्यांच्या मरणातून अपहरणकर्त्यांस काही मिळवावयाचे नव्हते. ते सामुदायिक थडग्यात पुरले गेले. जनुकीय तपासणीने ओळख पटल्यावर २० मार्च २०१८ रोजी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज ह्यांनी संसदेत त्यांच्या मृत्यूची घोषणा केली. त्यांच्या कुटुंबांनी जवळजवळ चार वर्षे आशेवर काढली. चित्रफितीच्या जोरावर जगाचे लक्ष कोणाकडे वळावे आणि कोणाकडे वळू नये, हे मारेकरीच ठरवितात, हा ह्यातला बोध.

महाराष्ट्राने हा प्रकार स्वतःच्या दारात अनुभवला आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर मुंबईत उतरले. ताजमहाल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथे पाहुणे, नोकरवर्ग आणि रहिवासी अडकून पडले; कित्येकांस ओलीस धरून ठार करण्यात आले. तीन दिवस चाललेल्या ह्या हल्ल्यात १६६ जण मरण पावले. त्या तीन दिवसांत दूरचित्रवाणीच्या वाहिन्या कमांडोंच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करीत होत्या, आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच प्रक्षेपण पाहून आत असलेल्यांस फोनवरून सूचना देत होते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या खटल्याचा निकाल देताना, अशा प्रक्षेपणाने सुरक्षा दलांचे काम अधिक कठीण व धोक्याचे झाले, असा कठोर अभिप्राय दिला. त्याला अनुसरून २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपलीकडे थेट चित्रण दाखविण्यास बंदी झाली. वाहिन्यांवर नियम बसला. परंतु आज प्रत्येकाच्या खिशात एक वाहिनी आहे, आणि तिला असा कोणी संपादक नाही.

ही गोष्ट मुंबईसारख्या महानगराचीच आहे, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. परभणी हे गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या मुलखातले, ज्वारी-कापसाचे आणि कृषी विद्यापीठाचे गाव. सीरियाच्या रणांगणाशी त्याचा संबंध यावा असे काहीच कारण नाही. तथापि २०१६ च्या उन्हाळ्यानंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने परभणीतून काही तरुणांस अटक केली. इंटरनेटच्या द्वारे सीरियातील एका हस्तकाशी संधान बांधल्याचा आणि स्फोटके जुळविल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पुढे तपास राष्ट्रीय अन्वेषण यंत्रणेकडे गेला. एका आरोपीस मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, कारागृहात पाच वर्षे गेल्यानंतर, जामीन दिला. तर २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने दोघांस सात-सात वर्षांची शिक्षा सुनावली. ह्यावरून एखाद्या गावाकडे अथवा जमातीकडे बोट दाखविणे अन्यायाचे होईल. मूठभरांच्या कृत्याचा भार हजारोंच्या माथी मारणे हेच तर ओलीस धरणाऱ्यांचे तर्कशास्त्र आहे. घ्यावयाचा बोध एवढाच की, हजारो कोसांवरचे युद्ध आता जिल्ह्याच्या गावी एका पडद्यातून शिरू शकते, आणि घरातील वडीलधाऱ्यांस त्याचा पत्ताही लागत नाही.

चित्रफितीने बिघडतात ते दहशतवादाकडे ओढले गेलेलेच, असेही नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांस, ती मुले पळविणारी टोळी आहे अशा संशयाने, जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. त्या काळात मुले पळविणाऱ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होते. त्यांतील एक चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेच्या प्रचारार्थ केलेली होती. तिचा खुलासेवजा शेवट कोणी कापून टाकला होता. ओळीने निजविलेल्या मुलांच्या प्रेतांची दृश्येही फिरत होती. ती दृश्ये खरी होती, पण २०१३ साली सीरियातील घौता येथे विषारी वायूने मेलेल्या मुलांची. एका युद्धात बळी पडलेल्या निष्पाप मुलांच्या प्रेतांवरून दुसऱ्या देशात निष्पाप माणसांविरुद्ध जमाव पेटविला जावा, ह्याहून विपरीत ते काय? राईनपाड्याच्या मारहाणीचेही चित्रण झाले आणि तेही पुढे फिरले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास अटकाव केला.

यंत्राचा अटकाव अपुरा का पडतो, तेही पाहिले पाहिजे. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत एकावन्न नमाजी मारले गेले. मारेकऱ्याने हत्याकांडाचे थेट प्रक्षेपण केले. ते प्रत्यक्ष चालू असताना पाहणारे दोनशेहून कमी होते, असे फेसबुकने सांगितले. परंतु पुढील चोवीस तासांत त्या कंपनीस त्याच्या पंधरा लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यांतील बारा लाख चढविल्या जातानाच रोखल्या गेल्या, म्हणजे तीन लाख प्रती तरी आधी लोकांपुढे आल्या होत्या. मारेकरी एकटा होता. ह्या लाखो प्रती इतरांनी केल्या.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि २५१ जणांस ओलीस धरून गाझात नेण्यात आले. कित्येक कुटुंबांस आपले माणूस धरले गेल्याचे प्रथम कळले ते हल्लेखोरांनीच काढलेल्या चित्रफितींतून. त्यानंतरच्या युद्धात गाझातील हजारो नागरिक, त्यांत असंख्य मुले, प्राणास मुकले. उभयपक्षी खरे दुःख इतके असता खोट्याची भर पडावी हे लाजिरवाणे होय. पण ती पडली. २०१५ साली ग्वाटेमालात जमावाने जाळलेल्या एका मुलीची चित्रफीत ह्या युद्धातील म्हणून जगभर धाडली गेली. जिचे दुःख होते त्या मुलीचे नावगावही कोणाला उरले नाही.

तर मग अशा सर्व चित्रफिती नष्ट कराव्यात काय? तसेही सरसकट म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये लिबियातील एका सैन्याधिकाऱ्यावर जे अटकपत्र काढले, त्याचा मुख्य आधार समाजमाध्यमांवर आलेल्या हत्यांच्या चित्रफिती हाच होता. चित्रण हा पुरावाही असतो. फरक आहे तो ते कोणाच्या हाती जावे ह्यात. तपास करणाऱ्याच्या हाती गेले तर मृतास न्याय मिळण्याची शक्यता असते; शेजाऱ्याच्या, मित्राच्या, नात्यागोत्याच्या समूहात गेले तर मारेकऱ्याचा हेतू तेवढा पुरा होतो.

म्हणून सुशिक्षित कुटुंबाने पाळावयाचे नियम थोडे आणि साधे आहेत. अशी चित्रफीत आली तर ती पुढे पाठवू नये, निषेध करण्यासाठीसुद्धा नाही. कारण निषेधाच्या चार ओळींखालून प्रवास तीच करते. ती कोठली, कधीची, हे कळल्यावाचून तिच्यावर मत बनवू नये. गुन्ह्याचा पुरावा वाटल्यास पोलिसांच्या सायबर शाखेकडे द्यावी. मुलांनी काही पाहिलेच असेल तर त्यांस रागे भरण्यापूर्वी काय पाहिले ते शांतपणे विचारावे; गप्प बसविलेले मूल तेच दृश्य पुढे एकट्यानेच पाहते. आणि चित्रातला मनुष्य कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी आई आहे, तिच्या घरचे ते दृश्य टाळू पाहत आहेत, ह्याची आठवण ठेवावी.

ओलीस धरणाऱ्यास तीन गोष्टी लागतात: शस्त्र, बळी आणि प्रेक्षक. पहिल्या दोन आवरणे हे सरकारांचे, सैन्यांचे आणि न्यायालयांचे काम आहे, आणि ते नेहमीच साधेल असे नाही. तिसरी मात्र परभणीच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही घरात, कोणाची परवानगी न घेता, नाकारता येते.