यंत्राचे ऐकणे आणि आपले श्रवण

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. म्हणजे मी गाण्याआधी तुम्ही ऐकणे आले, बरं का! म्हणून आज थोडे ऐकण्याविषयीच बोलू.

गिरगावात गुरुजींच्या कीर्तनाला मी झांज घेऊन मागे उभा राहत असे. 1984 साली एक टेपरेकॉर्डर उसना आणला, देवळाच्या खांबापाशी ठेवला आणि अख्खे सुदामाख्यान भरून घेतले. गुरुजी गेले. वर्षश्राद्धाला कॅसेट लावली. ऐकतो तो काय? पंख्याची घरघर, रस्त्यावरची बस, कुणाचा तरी खोकला, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे कुठेतरी गुरुजी! सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचतो, तिथे गुरुजी क्षणभर थांबत. त्या रात्री सभामंडपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कॅसेटमध्ये नेमका तिथेच पंखा सर्वांत मोठा. मला रडू आले. म्हटले, गुरुजींचा आवाज आपण आपल्या हाताने घालवला.

आता यात लबाड कोण? यंत्र की माझा कान? वाचकहो, कुणीच नाही. पंखा त्या रात्रीही होताच. पण देवाने आपल्याला कान दोन दिलेत. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तेवढ्या फरकावरून मन ओळखते, बस त्या बाजूला, गुरुजी या बाजूला. मग ज्याची गोडी त्याला जवळ घेते, बाकीच्यांना दाराबाहेर बसवते. खोटे वाटते? दादरच्या फुलबाजारात सोबत्याशी बोलताना एक कान बोटाने बंद करून पाहा. त्याचे शब्द वेचणे लगेच जड जाईल.

माझ्या टेपरेकॉर्डरला कान एकच. सगळे आवाज एका वाटेने आत गेले, एका वाटेने बाहेर आले. दिशा गेली, तिच्याबरोबर निवडही गेली. शिवाय तसल्या साध्या यंत्रात समोरचा आवाज बारीक झाला, की यंत्र आपण होऊन आपला कान मोठा करते. गुरुजी थांबले, आणि यंत्राने पंखा उचलला!

जुन्या मंडळींना हे ठाऊक होते. 1925 च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला. त्याआधी ध्वनिमुद्रिकेसाठी मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. गायक कर्ण्याजवळ, साथीदार मागे. यंत्राला निवडता येत नाही, म्हणून माणसे आधीच निवडून बसवायची.

तेव्हा कीर्तन मोबाइलवर घ्यायचे तर खुशाल घ्या; पण फोन खांबापाशी नको, बुवांच्या जवळ ठेवा. आणि भरून घेतले म्हणजे ऐकले, असे समजू नका.

ती कॅसेट मी टाकली नाही. दर एकादशीला लावतो. पहिली पाच मिनिटे पंखाच असतो. दिशा हरवली तरी आवाजाची ओळख उरते ना! मन हळूहळू बसते, ओळखीचा सूर धरते, आणि गुरुजी पुढे येतात. ते थांबतात, तिथे मीही थांबतो. पंखा चालूच असतो.

हे निरूपणही यंत्रातून कागदावर उतरले आहे. यात माझा सूर नाही की टाळ नाही. तेवढे श्रवण तुम्ही करा. जय जय रामकृष्ण हरी!