घावन फाटते, त्यात तव्याचा दोष किती?

लातूरच्या एका वाचक भगिनींची तक्रार आहे की, कोकणातल्या मैत्रिणीने सांगितले तसेच केलेले घावन त्यांच्या तव्याला डकते, नाही तर उलटताना फाटते. जाहिरातीतला नॉनस्टिक तवा घ्यावा का, असे त्या विचारतात. हवा तर घ्या; पण आधी पीठ तपासा.

ज्वारीच्या धिरड्यांवर वाढलेल्या मराठवाड्यात तांदळाचे पीठ म्हणजे बहुधा गिरणीतून कोरडे दळून आणलेले. घावनाला मात्र तांदूळ भिजवून वाटलेला हवा. तांदळाच्या स्टार्चचे कण अतिशय बारीक, साधारण ३ ते ८ मायक्रॉनचे. दाणा भिजून मऊ झाला की वाटताना ते अखंड सुटतात. कोरड्या दळणात घर्षणाने आणि उष्णतेने त्यांतले बरेच दुखावतात, आणि असा कण थंड पाण्यातही फुगतो. पीठ घट्ट होते, आपण पुन्हा पाणी ओततो. अखंड कण थंड पाणी फारसे पीत नाहीत. पाण्याच्या दीडपट जड असल्याने ते तळाशी बसतात. त्यामुळे न ढवळता घातलेले पहिले घावन फाटते आणि शेवटचे जाडजूड होते. दर पळीला तळापासून ढवळायचे ते यासाठी.

तवा कडक तापलेला हवाच. मग पिठातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती वर फुटते, आणि भोवतालचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास शिजून ती भोके तशीच धरतो. जाळी पडते ती अशी. त्यात आंबवण्याचा काही संबंध नाही.

आता तांदूळ कोणता? स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. अमायलोज म्हणजे कडब्याची सरळ ताटे: एकमेकांना लागून घट्ट बसतात, पेंढी बांधली जाते. अमायलोपेक्टिन म्हणजे बाभळीचे झुडूप: फांद्याच फांद्या, रचायला गेलात तर मध्ये पोकळीच उरते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या सालपापड्या ताटलीवर वाफवून थंड झाल्या की अलगद सोलल्या जातात, ती या कडब्याची करामत. झुडपे जास्त असलेला चिकट भाताचा तांदूळ घावनाला त्रास देतो. भात मोकळा होणारा जुना तांदूळ घ्या.

पाठ्यपुस्तक इथे थांबते: अमायलोज मोजा, तांदळाचा स्वभाव कळला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतले के. आर. भट्टाचार्य थांबले नाहीत. अमायलोज सारखेच भरूनही दोन तांदळांचा भात वेगळा का होतो, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. सहकाऱ्यांसह त्यांनी १९७८ मध्ये मांडले की, एकूण अमायलोजपेक्षा गरम पाण्यात न विरघळणारा त्याचा वाटा महत्त्वाचा. तो वाटा जास्त, तर भात कडक आणि मोकळा.

खरी गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये राधिका रेड्डी आणि झकिउद्दीन अली यांच्यासह त्यांनीच दाखवले की, हे ‘न विरघळणारे अमायलोज’ मुळात अमायलोज नव्हतेच. त्या होत्या अमायलोपेक्टिनच्या लांब फांद्या. आयोडीन त्यांनाही निळा रंग देते आणि मोजणाऱ्याला चकवते. म्हणजे काही बाभळींना कडब्याइतक्या लांब, सरळ फांद्या असतात! स्वतःच रूढ केलेली कल्पना पंधरा वर्षांनी स्वतःच मोडणारा संशोधक मला नोबेलविजेत्यांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. पाककृतीच्या व्हिडिओंत ‘अमायलोज’ हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. भट्टाचार्यांचे नाव मी तिथे एकदाही ऐकलेले नाही. २०११ मध्ये त्यांचे तांदळाच्या गुणवत्तेवरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आले. कृषी महाविद्यालयात शिकणारे कोणी घरात असेल, तर त्याला ते ग्रंथालयात शोधायला सांगा.

भगिनींचा दुसरा प्रश्न होता, सकाळचे घावन संध्याकाळी वातड का होते? थंड होताना रेणू पुन्हा जवळ येऊन बांधले जातात, आणि फ्रिजच्या थंडीत हे सर्वांत वेगाने घडते. परत तव्यावर टाकले तर बाभळीची बांधणी ६० अंशांच्या आसपास सुटते. कडब्याची सुटायला शंभराच्या पुष्कळ वर जावे लागते, आणि घावनात पाणी आहे तोवर ते शक्य नाही. उरलेले घावन गरम करून निम्मेच मऊ होते ते त्यामुळे. पीठ तेवढे झाकून ठेवा, घावने संध्याकाळी ताजी घाला.