तुमचं घर ए२ की सी१? तुम्हाला न विचारता ठरलेला दर्जा

हे गेल्या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले सतराशे साठ "म्हणजे" काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

समजा, दुपारच्या वेळी दारावर बेल वाजते. टॅब घेतलेली एक मुलगी म्हणते, "काका, सर्वे आहे, दहा मिनिटं लागतील." कुठला साबण वापरता, चहा कुठला पिता, हे ती विचारणारच. पण त्याआधी ती विचारते, घरात फ्रिज आहे का? पंखा आहे का? घरखर्चाला सगळ्यात जास्त पैसे कोण देतं, आणि ते किती शिकलेत? आपल्याला वाटतं, गप्पा सुरू करायला विचारतेय. तसं नसतं. या प्रश्नांवरून तुमच्या घराला एक अक्षर आणि एक आकडा चिकटतो. साबणाबद्दल तुम्ही जे काही सांगाल, ते मग त्या खणात जाऊन पडतं.

आता पहिला प्रश्न कुणालाही पडेल. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ पगार विचारा की! पण तुम्ही सांगाल का? अनोळखी माणसाला खरा पगार आपण सांगत नाही. कुणी कमी सांगतो, कुणी शेजारी ऐकतोय म्हणून जास्त. शेतकऱ्याला महिन्याचं उत्पन्न विचारलं तर तो काय सांगणार? द्राक्ष गेलं तर वर्ष गेलं. रिक्षावाल्याचं रोजचं वेगळं. कितीतरी घरांत तर बाबांचा नेमका आकडा आईलाही माहीत नसतो. म्हणून मार्केट रिसर्चवाल्यांनी आडवाट धरली. उत्पन्न विचारायचं नाही, उत्पन्नाच्या खुणा विचारायच्या.

भारतात या धंद्याची संघटना आहे, मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया. १९८०च्या दशकाच्या शेवटी आलेल्या जुन्या पद्धतीत शहरी घरासाठी दोनच गोष्टी बघायचे, मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि त्याचा व्यवसाय. त्यावरून ए१ ते ई२. खेड्यांसाठी तराजू वेगळा. तिथे शिक्षण आणि घर कच्चं की पक्कं, त्यावरून आर१ ते आर४. यातली गंमत लक्षात आली का? चौथी शिकलेला पण बक्कळ कमावणारा व्यापारी खाली जायचा, आणि महिनाअखेर उसनवारी करणारा पदवीधर वर बसायचा.

मग २०११ मध्ये नवी पद्धत आली, एनसीसीएस. शहर-खेडं एकच तक्ता. व्यवसाय गेला, शिक्षण राहिलं, आणि त्याच्या जोडीला आल्या अकरा वस्तू. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, चारचाकी, एसी आणि मालकीची शेतजमीन. यातल्या किती आहेत ते मोजायचं. कुठल्या आहेत याला महत्त्व नाही. आडवं शिक्षण, उभा वस्तूंचा आकडा, जिथे रेघा मिळतील ते तुमचं अक्षर. ए१ ते ई३, असे बारा दर्जे. नऊ किंवा जास्त वस्तू आणि पदवी असेल तर ए१. निरक्षर कमावता आणि एकही वस्तू नाही, तर ई३.

मी इंजिनिअर असल्यामुळे टेस्ट केस म्हणून स्वतःचंच घर घेतलं. सांगलीचं. बाबा दहावी, एका दुकानात हिशेब लिहायचे. आई मराठी घेऊन बी.ए., पंचवीस वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. २०१९ मध्ये घरात होतं काय? वीज, पंखा, गॅस, टीव्ही, बाबांची मोटरसायकल, फ्रिज. सहा वस्तू, कमावता दहावी. तक्त्यात उत्तर येतं बी१.

२०२० मध्ये वर्क फ्रॉम होम लागलं आणि मी पुण्याची रूम सोडून घरी आलो. घरखर्चाला जास्त पैसे मी देऊ लागलो, म्हणजे मुख्य कमावता मी झालो, आणि मी बी.टेक. तेच घर, त्याच सहा वस्तू, पावसाळ्यात गळणारा तोच कोपरा. पण रकाना बदलला आणि घर झालं ए३. दिवाळीला हप्त्यावर वॉशिंग मशीन घेतलं, ए२! ऑफिसचा लॅपटॉप धरायचा का यावर वाद घालता येईल, पण धरला तरी अक्षर तेच राहतं. वर्षभरात आम्ही दोन पायऱ्या चढलो, आणि त्यातली एक चढताना कुणी काही विकत घेतलंच नव्हतं.

या सगळ्या हिशेबात आईचं बी.ए. कुठेच नाही. घरात कुठलं पुस्तक यायचं, मला कुठल्या शाळेत घालायचं, टीव्ही किती वाजता बंद करायचा, हे सगळं ती ठरवायची. किराणा तर तीच आणायची, म्हणजे साबण आणि चहा विकणाऱ्याचं खरं गिऱ्हाईक तीच. पण तक्त्याने तिला कधी विचारलंच नाही, कारण मुख्य कमावती ती नव्हती.

वस्तूंच्या यादीतही अशा फटी आहेत. एसी मोजतात, कूलर नाही. विदर्भातल्या श्रोत्यांनो, तुमचा मे महिना यादी करणाऱ्यांनी बहुतेक पाहिलेला नाही! शेतजमीन आहे की नाही एवढंच विचारतात, म्हणून माणदेशातलं एक एकर कोरडवाहू आणि कृष्णाकाठचा वीस एकर ऊस, दोन्हींना एकच गुण. आणि ज्या मोबाईलवर तुम्ही हे ऐकता किंवा वाचता, तो या अकरात नाहीच.

पण पद्धत मोडकळीला येण्याचं मोठं कारण दुसरंच. काळ बदलला, पट्टी तीच राहिली. २०१६ ला उज्ज्वला योजनेतून गॅस, २०१७ ला सौभाग्य योजनेतून वीज अशी जोडणी कितीतरी घरांत गेली. टीव्ही आणि दुचाकी हप्त्यावर मिळू लागल्या. हे चांगलंच झालं, पण तक्त्याचं काय? दहावी झालेल्या माणसाकडे वीज, पंखा, गॅस, टीव्ही आणि जुनी दुचाकी असली की झाल्या पाच वस्तू, आणि घर थेट बी२. घरं वर सरकत गेली आणि वरचे खण भरून वाहू लागले. अख्ख्या वर्गाला पहिला वर्ग मिळाला तर कॉलेजने प्रवेश कुणाला द्यायचा? तसंच झालं.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? जाहिरातीचा पैसा या खणांवरून फिरतो. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कचे आकडे वर्षानुवर्षं एनसीसीएसप्रमाणे फोडून दिले गेले. जाहिरातदार म्हणतो, "मला ए-बी पाहिजे, वय २२ ते ४०." मग ज्या कार्यक्रमाकडे तो प्रेक्षक नाही, त्याला कितीही लोक बघत असले तरी भाव कमी. कुणाच्या आवडीचं बनणार, हे असंही ठरतं.

म्हणून आता सोसायटीने आयसेक नावाचं तिसरं वर्गीकरण आणलंय. त्यात वस्तू मोजणंच बंद. बघायचं ते मुख्य कमावत्याचा व्यवसाय, घरातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या प्रौढ पुरुषाचं शिक्षण, आणि सगळ्यात जास्त शिकलेल्या प्रौढ स्त्रीचं शिक्षण. फ्रिज स्वस्त होतो, हप्त्यावर येतो. पदवी तशी येत नाही. माझ्या मते हा बदल आधीच्या दोन्हींपेक्षा शहाणपणाचा आहे.

इथे थोडं माझ्या धंद्याबद्दल. तुमच्या फोनवर जाहिरात दाखवताना असला तक्ता उघडायची गरज नसते. हँडसेटचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीम, फोन साधारण कुठल्या भागात असतो, एवढ्यावर अंदाज बांधता येतो. एका प्रोजेक्टमध्ये मी स्वतः असा नियम लिहिलाय. फोनची किंमत अमुकच्या वर असेल तर "प्रीमियम". चार ओळींचा कोड. माझा मावसभाऊ सेकंडहँड आयफोन वापरतो, काच तडकलेली, बॅटरी दुपारीच मान टाकते. माझ्या कोडच्या लेखी तो प्रीमियम. अडीच एकर द्राक्षबाग असलेले आणि साधा अँड्रॉइड वापरणारे आमचे काका मात्र नाहीत. एनसीसीएसचा तक्ता निदान उघडा आहे, चुकला तर बोट ठेवून दाखवता येतं. माझ्या चार ओळी माझ्या टीमबाहेर कुणी पाहिल्या नाहीत.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री आईला फोनवर आयसेक समजावून सांगत होतो. घरातली सगळ्यात जास्त शिकलेली बाई म्हणजे तू, तुझं बी.ए. आता धरतात, असं म्हटलं. ती म्हणाली, "बरं. आणि शिकवण्या कुठं धरतात?"

मी तक्ता परत उघडला. व्यवसायाच्या रकान्यात अजूनही फक्त मुख्य कमावताच आहे.