बंदुकीची दारू व तिच्या बदली योजिलेलीं द्रव्यें

जुन्या कागदपत्रांत तोफ फुटल्याचे, बंदुकीची नळी फाटल्याचे किंवा दारूस आग लागून माणसें दगावल्याचे उल्लेख वाचावयास मिळतात. त्यांचा अर्थ लावतांना ओतारी कच्चा होता, गोलंदाज अडाणी होता किंवा कोणी फितुरी केली, यांपैकीं एखादें कारण आपण सहज धरून चालतों. चौथें कारण बहुधा विचारांतच घेतलें जात नाहीं. तें म्हणजे त्या नळीस न मानवणारी दारू. नेहमींची दारू मिळेनाशी झाली, महाग झाली किंवा अपुरी वाटूं लागली, म्हणजे तिच्या जागीं दुसरें कांहींतरी घालून वेळ मारून नेण्याचा मोह अनेक देशांत झालेला आहे, आणि त्यापायीं पुष्कळ माणसें हकनाक बळी गेलीं आहेत. या प्रयत्नांचा इतिहास थोडक्यांत सांगून, जुने कागद व जुनीं हत्यारें संग्रहीं ठेवणारांनीं त्यांतून काय घ्यावें, तें दाखविण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. 'दारू' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. चिनी भाषेंतहि या मिश्रणाचें नांव 'अग्नि-औषध' याच अर्थाचें आहे. हें नांव यथार्थच म्हटलें पाहिजे. कारण चीनमधील किमयागारांस हें मिश्रण औषधांच्या शोधांतच सांपडलें. नवव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा त्यांचा एक ग्रंथ आहे. सोरा, गंधक इत्यादि द्रव्यें एकत्र तापवूं गेलेल्या लोकांचे हात व तोंडें भाजलीं आणि घरहि जळून गेलें, असा इशारा त्यांत दिलेला आहे. लष्करी उपयोगाच्या दारूच्या कृति ज्यांत प्रथम आढळतात तो चिनी ग्रंथ इ. स. १०४४ चा आहे. तेव्हां धोक्याची सूचना कृतीच्याहि आधीं लिहिली गेली, असें म्हणावयास हरकत नाहीं. मराठींत मात्र तोफेची, बंदुकीची, रंजकाची आणि शोभेची अशा सर्व प्रकारांस दारू हा एकच शब्द लागतो. त्यामुळें कागदांत नुसतें 'दारू' एवढेंच असलें, म्हणजे तिची जात कोणती याचा उलगडा होत नाहीं.

ही जात ओळखण्याची खूण जोर ही नसून जळण्याची गति ही आहे. सोरा प्राणवायु पुरवितो, कोळसा जळतो आणि गंधक त्या मिश्रणास लवकर पेट घेऊं देतो. अशी दारू भराभर जळते खरी, पण थराथरानें जळते. पहिला धूर होतांच गोळी हलूं लागते. ती पुढें सरकते तसतशी तिच्या मागें धुरास जागा होत जाते आणि नळीवरील दाब एका मर्यादेच्या आंत राहतो. तोफा-बंदुकांच्या भिंतींची जाडी कारागिरांनीं अनेक पिढ्यांच्या अनुभवानें याच गतीस जुळवून ठरविली. याहून जलद जळणारें द्रव्य त्याच नळींत भरलें, तर गोळी जागची हलण्यापूर्वींच सारा दाब उत्पन्न होतो. मग त्यास वाट देण्यासाठीं नळीस फाटण्यावांचून गत्यंतर नसतें. नळी व दारू यांची जोडी असते. त्यांतील एक बदलून दुसरें तसेंच ठेवतां येत नाहीं.

याचा पहिला अनुभव द्रव्य न बदलतांहि आला. आरंभीं दारू पिठासारखी असे. पंधराव्या शतकांत युरोपांत ती भिजवून तिचे दाणे करण्याची रीत पसरली. दाण्यांमधील फटींतून ज्वाला क्षणांत सर्वत्र पोंचते, त्यामुळें त्याच तीन द्रव्यांची दारू कितीतरी जोरदार झाली. परंतु लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडून वरून कड्यांनीं आवळलेल्या जुन्या तोफांस ती सोसवेना; म्हणून मोठ्या तोफांसाठीं पीठदारूच कांहीं काळ चालू ठेवावी लागली. त्या काळच्या तोफा किती बेभरवशाच्या असत, हें स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्या मृत्यूवरून दिसतें. इ. स. १४६० मध्यें रॉक्सबर्गच्या वेढ्यांत आपल्याच बाजूची तोफ फुटून तो ठार झाला.

द्रव्यच बदलण्याचा मोठा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला, आणि त्याच्या पूर्वपीठिकेचा संबंध हिंदुस्थानाशीं पोंचतो. उत्तम सोरा बिहारांत होत असे. प्लासीच्या लढाईनंतर, इ. स. १७५८ मध्यें, त्या सोऱ्याचा मक्ता इंग्रज कंपनीनें मिळविला आणि फ्रेंचांस तो दुर्मिळ झाला. फ्रेंच सरकारनें १७७५ मध्यें दारूचें खातें आपल्या हातीं घेतलें. त्याच्या कारभाऱ्यांत प्रसिद्ध रसायनज्ञ लाव्हॉझिए हा होता. त्यानें देशांतल्या देशांत सोऱ्याची पैदास वाढविली. पुढें त्याचा सहकारी बेर्तोले यास पोटॅशियम क्लोरेट हा क्षार सांपडला. तेव्हां सोऱ्याच्या जागीं तो घालून अधिक जोराची दारू करावी, असें ठरलें. ता. २७ ऑक्टोबर १७८८ रोजीं एसोन येथील कारखान्यांत प्रयोग झाला. लाव्हॉझिए, त्याची पत्नी व बेर्तोले हे तिघेहि तेथें हजर होते. ते जरा दूर गेले असतां मिश्रणाचा स्फोट झाला आणि जवळ राहिलेला एक अधिकारी व एक तरुण स्त्री अशीं दोन माणसें मेलीं. ज्यास पदार्थांचे गुणधर्म सर्वांत चांगले ठाऊक, त्याच्या डोळ्यांदेखत हें घडलें. कारण असें कीं, क्लोरेटच्या मिश्रणास ठिणगीची गरज नसते. घर्षण किंवा ठोका त्यास पुरतो. ठासणीच्या बंदुकींत तर बार गजानें ठासूनच भरावा लागतो. आगकाडीच्या गुलांत हाच क्षार असतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरें उदाहरण कापसाचें. इ. स. १८४६ मध्यें बाझेल येथील शोनबाइन यानें तीव्र अम्लांच्या योगानें साध्या कापसास स्फोटक करण्याची रीत जाहीर केली. धूर नाहीं, नळींत मळ सांचत नाहीं, आणि जोर दारूहून अधिक. यामुळें दारूचे दिवस भरले असें अनेकांस वाटलें. परंतु इंग्लंडांत फॅव्हरशॅम येथील कारखाना दुसऱ्याच वर्षीं, १४ जुलै १८४७ रोजीं, उडाला व सुमारें वीस माणसें मेलीं. ऑस्ट्रियाच्या लष्करानें लेंक या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं नेटानें प्रयोग चालविले. पण १८६२ व १८६५ या सालीं तेथील दोन कोठारें उडालीं आणि तो नाद सोडावा लागला. तंतूंत मागें राहिलेलें अम्ल कापसाचें हळूहळू विघटन करीत असतें, हें पुढें समजलें. कापसाचा लगदा करून तो पुनःपुन्हां धुण्याची रीत आबेल या इंग्रज रसायनज्ञानें १८६५ मध्यें बसविली, आणि व्येय या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८४ मध्यें कापसाचें तंतुरूप मोडून त्याची गति आवरली. तेव्हांच निर्धूर दारू बंदुकींत वापरण्याजोगी झाली. पण तीहि जुन्या नळीस मानवणारी नव्हती. तिच्यासाठीं नव्या पोलादाच्या बंदुका घडवाव्या लागल्या.

आतां आपल्याकडे वळूं. येथें नवीं द्रव्यें शोधण्यापेक्षां जुन्याच द्रव्यांवर हलक्या मालानें वेळ निभावण्याचा प्रकार अधिक. मातींतून काढलेल्या अशुद्ध सोऱ्यांत मीठ राहतें व तें हवेंतील ओल ओढून घेतें. कोळसा तुरीच्या काड्यांचा किंवा रुईचा असला तर हलका व चपळ. कठीण लांकडाचा असला तर मंद. अशा दारूचा गुण घाणीगणिक बदलतो. ओलसर दारू मंद जळते म्हणून गोलंदाजानें बार वाढवावा, आणि त्याच मापानें पुढें कोरडी व चांगली दारू हातीं यावी, म्हणजे नळी फुटण्यास दुसरें कारण नको. हा धोका आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना घरापासून दूर असावा, त्यास ओल लागूं नये, आणि आठ-पंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावें व फिरून मुद्रा करून ठेवावी, अशी ताकीद आहे. हा नियम नुसत्या काटकसरीचा नव्हे; दारूची गति एकसारखी राखण्याचा तो उपाय आहे.

घाईनें उभारलेल्या कारखान्याचें काय होतें, हें दिल्लीस दिसलें. ता. ११ मे १८५७ रोजीं इंग्रजांनीं शहरांतील आपला दारूगोळ्याचा कोठा स्वतःच उडविला. पुढें वेढ्याच्या दिवसांत शहरांतल्यांस दारू आपणच करावी लागली. हा कारखाना भरवस्तींत, चुडीवालान मोहल्ल्यांत, होता. ता. ७ ऑगस्ट रोजीं तो उडाला व शेंकडों कारागीर मृत्युमुखीं पडले. लोकांनीं फितुरीचा संशय धरून बादशहाचे हकीम अहसानुल्लाखान यांचें घर लुटलें. लेखाच्या आरंभीं सांगितलेली मनाची ओढ ती हीच.

यावरून संग्राहकांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली कागदांविषयीं. तोफ फुटल्याचा उल्लेख मिळाला, म्हणजे दारू कोठून आली, सोरा कोठला, महिना पावसाळ्याचा होता कीं उन्हाळ्याचा, आणि बाराचें वजन बदललें होतें काय, हें त्याच रुमालांतील जमाखर्चाच्या व खरेदीच्या यादींत शोधावें. अशा याद्या नीरस म्हणून बाजूस टाकल्या जातात. पण फितुरीचा आरोप खरा कीं खोटा, याचा निवाडा कित्येकदां त्यांच्याच आधारें होऊं शकेल.

दुसरी हत्यारांविषयीं. तोड्याची किंवा ठासणीची जुनी बंदूक घरीं आली, म्हणजे ती भरलेलीच आहे असें समजावें. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींहि पेट घेते. नळीस ऊब देऊं नये, कान टोकरूं नये. जाणत्या शस्त्रकाराकडून ती आधीं निर्धोक करून घ्यावी. आणि नुसतें कौतुक म्हणून तिच्यांत आधुनिक निर्धूर दारू, फटाक्यांतील दारू किंवा आगकाड्यांचे गूल भरून बार काढण्याचें मनांतहि आणूं नये. नळीचें जौहर कितीहि सुंदर असलें, तरी तें पट्ट्यांच्या सांध्यांनीं बनलेलें असूं शकतें, आणि आंतून गंजलेला सांधा बाहेरून दिसत नाहीं. इंग्लंडांत नळ्यांची चाचणी करून त्यांवर मुद्रा उठवितात, व निर्धूर दारूसाठीं निराळी मुद्रा असते. ती नसलेली विलायती नळी केवळ काळ्या दारूची समजावी. देशी नळीवर बहुधा तेवढीहि साक्ष नसते.

जुनी बंदूक हा एक दस्तऐवजच आहे. तिचा कान, तिची जाडी, तिचा घाट यांवरून ती कोणत्या दारूसाठीं घडविली हें अभ्यासकास वाचतां येतें. बार काढून ती फुटली, तर तो लेख कायमचा नष्ट होतो, आणि वाचणाराहि त्याबरोबर जाण्याचा संभव असतो.