नाशिकची माती निघाली फिरायला

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण तिथे उगम पावणारी गोदावरी तिकडे ढुंकूनही पाहत नाही! सह्याद्रीचा कडा आड येतो आणि पठाराचा उतार पूर्वेकडे. मग काय, १,४६५ किलोमीटर चालत ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला भेटते. रिकाम्या हाताने नाही बरं का. वाटेतली माती, आपली काळी मातीसुद्धा, सोबत घेऊन.

समुद्राजवळ जमीन सपाट होते, पाणी संथ होतं. शाळेतून आल्यावर तुम्ही दप्तर दारातच टाकता ना? तसं नदी गाळाचं ओझं तिथेच टाकते. वर्षानुवर्षं गाळ साचून जी जमीन तयार होते, तो त्रिभुज प्रदेश. चला, आज तोच बघू.

पहिला थांबा राजमहेंद्रवरमजवळचं धवळेश्वरम. इथे नदीच्या मुख्य शाखा फुटतात, गौतमी आणि वसिष्ठा. इथेच आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने बांधलेला बंधारा १८५२ साली पुरा झाला आणि कालव्यांनी भातशेती फुलली. आज तिथे साडेतीन किलोमीटर लांबीचा नवा बंधारा आहे, शेजारी कॉटनचं संग्रहालय. या भागात शेतकरी अजूनही त्याच्या पुतळ्यांना हार घालतात. परक्या राजवटीतल्या माणसाला असा मान क्वचितच मिळतो!

दोन शाखांच्या मधे कोनसीमा. नारळच नारळ, आणि मधूनमधून कालवे. वसिष्ठेच्या काठाने गेलात तर ती समुद्राला मिळते तिथे अंतर्वेदीचं नरसिंह मंदिर. गौतमीच्या काठाने गेलात तर यानम लागतं. हे चिमुकलं गाव १९५४ पर्यंत फ्रेंचांकडे होतं. आज चहूकडे आंध्र प्रदेश, पण यानमचा कारभार मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या पुदुच्चेरीकडे!

माझ्या मते सगळ्यात भारी जागा पुढेच आहे. काकीनाड्याजवळचं कोरिंगा अभयारण्य. लाकडी पुलवाटेवरून खारफुटीच्या जंगलात शिरायचं. खाली बघा, चिखलातून पेन्सिलीएवढ्या असंख्य काड्या वर आलेल्या दिसतील. त्या तिवराच्या झाडांच्या मुळ्या! मुळ्या सहसा खाली जातात, या उलट्या वर का? कारण या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. म्हणून मुळ्या डोकं वर काढून हवा घेतात. भरतीत बुडतात, ओहोटीत पुन्हा श्वास. याच जंगलात एक रानमांजर राहतं. मांजराला पाणी आवडत नाही म्हणता? हे सरळ पाण्यात उडी मारून मासे पकडतं. दिसायला मात्र नशीब लागतं, ते बहुतेक रात्रीच फिरतं.

कोरिंगाच्या पलीकडे समुद्रात होप आयलंड. नदीने आणलेल्या गाळाचाच हा लांबट वाळूचा पट्टा. वय साधारण दोनशे वर्षं, म्हणजे जमिनीच्या हिशेबात बाळच. तो लाटा अडवतो, म्हणून काकीनाड्याचं बंदर शांत. ऑलिव्ह रिडले कासवं त्याच्या वाळूत अंडी घालायला येतात.

पण सगळीकडेच जमीन वाढत नाहीये. वरच्या धरणांत गाळ अडतो, समुद्रापर्यंत कमी पोहोचतो. काही ठिकाणी किनारा मागे सरकतोय. काकीनाड्याच्या उत्तरेला, जामदानी साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उप्पाडाला गेलात, तर समुद्र रस्ता खाऊ नये म्हणून टाकलेले मोठमोठे दगड दिसतील.