यकृतांतील अनेक गांठी व त्यांचीं कारणें

बकरें किंवा मेंढी कापल्यावर कलेजींत लहानमोठ्या कठीण गांठी आढळल्या, म्हणजे ती खाण्यास निरुपयोगी समजून बहुधा कुत्र्यांपुढें टाकण्यांत येते. ही चाल अत्यंत घातक आहे. ती कां, हें कळण्यासाठीं अशा गांठी एकदम अनेक कां होतात हें प्रथम पाहिलें पाहिजे.

पोट व आंतडीं यांतून निघणारें रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वीं यकृतांतून गाळून जातें. त्यामुळें पोटांतून रक्तांत शिरलेले रोगजंतु किंवा जंतांचीं पिलें प्रथम येथेंच अडकतात. तीं जितक्या ठिकाणीं अडकतील तितक्या गांठी होतात. तात्पर्य, गांठ यकृतांत दिसली तरी तिचें मूळ पुष्कळदां गव्हाणींत, कुरणांत अथवा दारच्या कुत्र्यांत असतें.

पहिलें कारण हायडॅटिड रोग. कुत्र्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या, जेमतेम 3 ते 6 मिलिमीटर लांबीच्या चपट्या जंताचीं अंडीं विष्ठेबरोबर गवतावर पडतात व चरणाऱ्या जनावराच्या पोटांत जातात. पुढें यकृतांत पाण्यानें भरलेल्या पिशव्या वाढतात. जुन्या झाल्यावर त्या चुन्यासारख्या कठीण बनतात. अशी कच्ची कलेजी खाल्ली कीं कुत्र्यास पुन्हां जंत होतात, आणि त्यांचीं अंडीं हातांवाटें व भाजीपाल्यावाटें माणसांच्या पोटांत जाऊन त्यांसही तोच रोग जडतो.

दुसरें कारण गळवें. गाईम्हशींस दाण्याचा खुराक एकाएकीं वाढविल्यास पोटांत आम्ल माजून आंतील अस्तरास व्रण पडतात व तेथून रोगजंतु यकृतांत जातात. या गांठींत जाड कवचाआड घट्ट पू असतो. चाऱ्यांतून गेलेली तार किंवा खिळा हाही असाच अनर्थ करितो.

तिसरें कारण क्षय. ही गांठ पिवळसर असून कापतांना पुष्कळदां करकरते. क्षयी गाईचें न उकळलेलें दूध माणसासही बाधतें. चौथें कारण अर्बुद, म्हणजे मांसाची रोगट वाढ. ती दुसऱ्या अवयवांतून पसरूनही यकृतांत येते.

केवळ डोळ्यांनीं पाहून निदान निश्चित होत नाहीं. यास्तव नमुना पशुवैद्यास दाखवावा. तथापि शेतकरी बंधूंनीं निदानाची वाट न पाहतां गांठाळ कलेजी जाळावी, किंवा कुत्र्यांस उकरतां येणार नाहीं इतकी खोल पुरावी. कुत्र्यांस पशुवैद्याच्या सल्ल्यानें जंतांचें औषध द्यावें, जनावरांचा खुराक क्रमाक्रमानें वाढवावा आणि दूध उकळूनच प्यावें. कलेजीचा एक तुकडा वांचविण्याच्या मोहानें घरांतील लेंकरांवर संकट ओढवून घेऊं नये.